मोठा डम्प लोकलवर चढवताना: पीएचपीमायअ‍ॅडमिन की कमांड लाइन?

लाइव्ह साइटचा डेटाबेस लोकलला, म्हणजे आपल्याच मशीनवर आणायचाय, त्याची एसक्यूएल फाइल, म्हणजेच डम्प, दीडशे-दोनशे एमबीची आहे आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन, पाच मिनिटं फिरून मध्येच थांबतंय. इथे बहुतेकांसमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे पीएचपीच्या मर्यादा वाढवत वाढवत ब्राउझरमधूनच काम पार पाडायचं. दुसरी म्हणजे ब्राउझर बंद करून काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड लाइनवर, एक ओळ टाइप करायची. मी दोन्हींवर बराच काळ काम केलंय. विंडोजवरचा झॅम्प (अपाचे वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्याकडे लोकल म्हटलं की बहुतेकांच्या मशीनवर तोच असतो.

पीएचपीमायअ‍ॅडमिनची बाजू आधी नीट मांडतो, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. लहान डेटाबेस, एखाद-दुसरं टेबल, सीएसव्हीमधून आणलेली यादी यांसाठी त्याच्यासारखी सोय नाही. टेबल डोळ्यांना दिसतं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करता येतं. फाइल जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, दिली तर ती स्वतः उलगडून घेतं, त्यामुळे अपलोडची मर्यादा ४० एमबी असली तरी मजकुराने भरलेला बराच मोठा डम्प त्यात बसतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर कॉन्फिगमध्ये अपलोडडिर नावाची सेटिंग आहे. तिथे फोल्डरचं नाव द्या, फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवा, की इम्पोर्टच्या पानावर ती थेट यादीत दिसते आणि अपलोडचा प्रश्नच मिटतो. ही सोय फार कमी लोक वापरतात.

वेळेची मर्यादा हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि तिथेच बहुतेकांचा अर्धा दिवस जातो. पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये मॅक्स एक्झिक्यूशन टाइम वाढवतात, अपाचे रीस्टार्ट करतात, तरी इम्पोर्ट पुन्हा पाचव्या मिनिटाला थांबतो. कारण पीएचपीमायअ‍ॅडमिनची स्वतःची एक्झेकटाइमलिमिट आहे. ती मुळात ३०० सेकंदांवर असते आणि पीएचपीची सेटिंग बाजूला सारून तीच लागू होते. तिला झॅम्पच्या पीएचपीमायअ‍ॅडमिन फोल्डरमधल्या कॉन्फिग डॉट आयएनसी डॉट पीएचपीमध्ये ० करायला लागतं. एवढं केलं की पाच मिनिटांची अट जाते, आणि मध्यम आकाराच्या डम्पसाठी एवढं पुरेसंही असतं. ज्यांना ब्राउझर सोडायचाच नाही, त्यांनी इथपर्यंत यावं.

मग मी तिथे का थांबलो नाही? त्याचं कारण एकच आहे. वेगाचा त्यात संबंध नाही.

वेळ संपत आली की पीएचपीमायअ‍ॅडमिन इम्पोर्ट मध्येच थांबवतं. तशी परवानगी देणारी खूण इम्पोर्टच्या पानावर आधीपासूनच टिकलेली असते. मग संदेश येतो, की वेळ संपली, तीच फाइल पुन्हा द्या म्हणजे काम पुढे सुरू होईल. त्याच पानावरून लगेच फाइल दिली तर ते खरंच पुढे सुरू होतं. पण मधल्या वेळात टॅब बंद झाला किंवा दुसऱ्या पानावर गेलात, तर सुरुवातीपासून सुरू होऊन ‘टेबल आधीच आहे’ म्हणत १०५० नंबरची एरर येते. इथवर ठीक आहे, निदान एरर तरी दिसते.

खरा त्रास डम्प कुठून आलाय यावर ठरतो. शेअर्ड होस्टिंगवरच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट केलेली फाइल एकदा उघडून बघा. वरच्या भागात टेबलं तयार होतात, त्यात डेटा भरला जातो. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि ऑटो इन्क्रिमेंट (नव्या ओळीला आपोआप पुढचा नंबर देणं) मात्र तिथे नसतात. ते सगळं फाइलच्या अगदी शेवटी, ऑल्टर टेबलच्या ओळींत एकगठ्ठा असतं. म्हणजे इम्पोर्ट ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबला तर टेबलं आहेत, डेटा आहे, पण की एकाही टेबलाला नाही.

एका मासिकाच्या वर्डप्रेस साइटची लोकल प्रत करताना हे अनुभवलं. मुखपृष्ठ उघडलं, जुने लेख दिसले, शोधही चालला. कुठेही लाल अक्षर नाही. नवा लेख सेव्ह करायला घेतला तेव्हा तो जागेवर राहीना. शोध थीमपासून सुरू झाला, मग एकेक प्लगइन बंद करून बघितलं, कॅशे साफ केली. शेवटी पोस्टच्या टेबलाचं स्ट्रक्चर उघडलं, तर आयडीच्या कॉलमपुढे किल्लीचं चिन्हच नव्हतं. ऑटो इन्क्रिमेंट नसल्यामुळे नव्या लेखांना आयडी ० मिळत होता, आणि प्रायमरी की नसल्यामुळे ० आयडीचे कितीही लेख आत जाऊ शकत होते. ऑप्शन्सच्या टेबलाचीही तीच गत.

मर्यादा वाढवून हे टळतं, हे मान्य. पण इम्पोर्ट पुरा झाला की नाही, हे घड्याळाच्या हातात राहतं. मला ते पटलं नाही.

कमांड लाइनवर हे घड्याळच नाही. मध्ये पीएचपी नाही, अपाचे नाही, ब्राउझर नाही. मायएसक्यूएलचा क्लायंट फाइल वाचतो आणि सर्व्हरला देतो, चाळीस मिनिटं लागली तर चाळीस मिनिटं. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर शेल नावाचं बटण आहे, ते दाबलं की पाथची कटकट न करता खिडकी उघडते. मायएसक्यूएल, मग युजरचं आणि डेटाबेसचं नाव, मग डावीकडे तोंड केलेला बाण आणि फाइलचं नाव, एवढीच ओळ. पॉवरशेलमध्ये हा बाण चालत नाही, तेव्हा साधा कमांड प्रॉम्प्टच घ्या. किंवा मायएसक्यूएलमध्ये लॉगिन होऊन सोर्स लिहून फाइलचा पत्ता द्या. सोर्सने दिलं तर प्रत्येक क्वेरीमागे ‘क्वेरी ओके’ उमटत राहतं आणि काम चालू असल्याचं दिसतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाणाने फाइल दिली तर एरर आली की क्लायंट पहिल्याच एररवर थांबतो आणि फाइलमधल्या ओळीचा नंबर सांगतो. उदाहरणार्थ, लाइव्ह सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ असेल, तर डम्पमध्ये त्याचं नवं ०९०० वालं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) येतं. झॅम्पमध्ये २०१५ पासून मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलपासूनच निघालेला डेटाबेस, आहे, आणि त्यातल्या १०.४ मालिकेला हे कोलेशन ओळखता येत नाही. १२७३ नंबरची एरर, शेजारी ओळीचा नंबर. एडिटरमध्ये त्या ओळीवर जा, कोलेशनचं नाव बदला, पुन्हा चालवा.

कमांड लाइनचेही त्रास आहेत. मराठी मजकूर असलेल्या डेटाबेससाठी एक गोष्ट तर न चुकता करावी लागते. कमांडमध्ये डिफॉल्ट कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, म्हणून यूटीएफ८एमबी४ लिहायचं. क्लायंटचा कॅरेक्टर सेट वेगळा आणि डम्पमध्येही त्याची नोंद नाही, असं जमून आलं तर ‘ज्ञानेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा अगम्य रोमन चिन्हं येतात. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये हे एका ड्रॉपडाउनमधून निवडता येतं, ती सोय इथे नाही. प्रगतीची पट्टीही नाही. बाण वापरला तर खिडकी नुसती गप्प बसते, आणि नव्या माणसाला वाटतं की मशीन अडकलंय. अशा वेळी दुसऱ्या खिडकीतून शो प्रोसेसलिस्ट बघावं, म्हणजे कुठल्या टेबलात भरणा चाललाय ते कळतं.

एक अडचण दोन्हीकडे सारखीच आहे आणि तिला लोक टाइमआउट समजतात. ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’, नंबर २००६. हिचं मूळ बहुतेक वेळा मॅक्स अलाउड पॅकेटमध्ये, म्हणजे सर्व्हर एका वेळी किती मोठी क्वेरी घेतो त्या मर्यादेत, असतं. झॅम्पच्या माय डॉट आयएनआयमध्ये ते १ एमबी आहे, आणि डम्पमधली एकेक इन्सर्ट ओळ त्याहून सहज मोठी असते. ते ६४ एमबी करा आणि डेटाबेस रीस्टार्ट करा. त्याच फाइलमध्ये इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे टेबलांचा डेटा ठेवायची मेमरीतली जागा, १६ एमबी ठेवलेला असतो. मशीनवर रॅम असेल तर ५१२ एमबीपर्यंत न्या. माझ्याकडे तरी त्यानंतर जेवण उरकेपर्यंत चालणारे इम्पोर्ट चहा होईपर्यंत संपायला लागले. तुमच्या डिस्कप्रमाणे फरक कमी-जास्त पडेल.

तिसरा पर्याय म्हणून बिगडम्पचं नाव कोणीतरी घेईलच. फाइलचे तुकडे करून पानामागून पान चालवणारी ती स्क्रिप्ट एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) नसलेल्या शेअर्ड होस्टिंगवर खरंच कामाला येते. लोकलवर मात्र तिची गरज मला कधी भासली नाही. एका क्वेरीत शेकडो रो असलेले डम्प, म्हणजे हल्ली नेहमी येतात तसे, तिला जड जातात.

डेटाबेस दहा-वीस एमबीचा असेल आणि महिन्यातून एखाद्या वेळीच आणायचा असेल, तर पीएचपीमायअ‍ॅडमिन सोडायचं काही कारण नाही. एक्झेकटाइमलिमिट ० करा आणि पुढे चला. पण क्लायंटच्या साइट वरचेवर लोकलला आणाव्या लागत असतील, तर मी कमांड लाइनच घ्या म्हणेन, पहिल्या दोन-तीन वेळा अवघड वाटली तरी.

वाट कुठलीही धरा, इम्पोर्टआधी फाइलचा शेवट मात्र बघून घ्या. मायएसक्यूएलडम्पने काढलेली फाइल साधारणपणे ‘डम्प कम्प्लीटेड ऑन’ आणि तारखेने संपते. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या फाइलच्या तळाशी ऑटो इन्क्रिमेंटच्या ओळी आणि कमिट दिसायला हवं. ते नसेल तर एक्स्पोर्टच होस्टिंगवर अर्ध्यात तुटलेला असतो, आणि लोकलवर कितीही मर्यादा वाढवल्या तरी त्या फाइलमधून पुरा डेटाबेस निघत नाही.