संगणकाचं घड्याळ चुकतंय: नेटवरून वेळ जुळवायची की सेल बदलायचा?

डेस्कटॉपचं घड्याळ रोज चुकत असेल तर दोन वाटा आहेत. नेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय चालू करून तिच्यावर भिस्त ठेवायची, नाहीतर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरचा, वीज नसताना घड्याळ चालवणारा सेल बदलायचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंग मी करतो. दोन्ही करून पाहिलं आहे.

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघा. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर सेलचा दोष नसावा. टाइम झोन चुकला असेल, किंवा एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असतील. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं. तिथं सेटिंग बदललं की झालं. दिवसभर वेळ ठीक आणि सकाळी मशीन सुरू केलं की तारीख काही वर्षं मागे, असं होत असेल तर मात्र पुढचं तुमच्यासाठी आहे.

नेटची सोय चांगली आहे, पैसेही लागत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर टाकला, तर भारतीय प्रमाणवेळ जिथं राखली जाते तिथूनच वेळ मिळते. मदरबोर्डवरचा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तापमानाप्रमाणे किंचित मागेपुढे होतो. ते सेकंद भरून काढायला ही सोय उत्तम.

पण सेल संपला की फरक सेकंदांचा राहत नाही, वर्षांचा होतो. घर-दुकानातल्या सुट्या मशीनवर १५ तासांपेक्षा जास्त तफावत दिसली, तर विंडोजची ही सेवा सहसा आपणहून वेळ बदलत नाही. आणि बदलली तरी नेट आल्यावरच. माझा निर्णय झाला तो इथं. सकाळी हळदीची गाडी भरून दारात उभी, ड्रायव्हर कागद मागतोय, आणि स्क्रीनवर ‘एफ-वन दाबा’. ते दाबून आत जावं तर मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचं पोर्टल उघडेना, कारण ब्राउझरच्या हिशेबी ती साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग तारीख हातानं टाका, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. तेवढ्यात सेव्ह केलेल्या पावत्या जुन्या तारखेनं फोल्डरच्या तळाशी जाऊन बसतात, त्या शोधत फिरा. हे रोज.

आपल्याकडे याचा त्रास जास्त जाणवतो, कारण रात्री दुकान बंद करताना आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद करतो, आणि पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच. डेस्कटॉपला वीज मिळत असते तोवर आतलं घड्याळ बहुधा तिच्यावरच चालतं. ती तुटली की सगळा भार सेलवर. तरी बोर्डाचं बटण रात्रभर चालू ठेवा असं मी सांगणार नाही. विजांच्या दिवसांत ते बंदच बरं.

सेल साधा असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. सीआर २०२५ घेऊ नका. रुंदी तीच असली तरी तो पातळ, खाचेत सैल बसतो. प्लग काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि बाजूची क्लिप नखानं सारली की सेल वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर. आडवी खाच असलेल्या नेहमीच्या मदरबोर्डांचं हे सांगतोय. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायरला जोडलेला असतो, तिथं दुरुस्तीवाल्याकडे गेलेलं बरं.

तुमचं मशीन कायम यूपीएसवर आणि रात्रंदिवस चालू असेल तर नेटवर भागेलही. रोज बंद होणाऱ्या मशीनला मी सेलच बदलेन. सेल बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ टाका आणि नेटची सोयही चालूच राहू द्या.