रॉकेल, प्रोपेन की डिझेल? गॅरेजमधल्या हीटरचा अख्ख्या हिवाळ्याचा अनुभव

मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या जवळच, घर भाड्याचं आणि घराला चिकटून दोन गाड्यांचं गॅरेज. एका गाडीच्या जागेत माझं सुतारकाम, दुसऱ्या जागेत बायकोची गाडी. थंडीत तिथे कुडकुडत उभं राहणं एक वेळ जमतं, पण पिवळा वूड ग्लू साधारण ५० फॅरनहाइटच्या खाली धड पकडतच नाही, जोड खडूसारखा पांढरा सुकतो आणि जरा जोर लावला की सुटून हातात येतो, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च काम चालू ठेवायचं तर हीटर लागतोच.

बरेच जण विचारतात म्हणून आधी इलेक्ट्रिकचं सांगून टाकतो. इकडच्या भिंतीतल्या साध्या प्लगवर चालणारा कुठलाही हीटर घ्या, स्वस्तातला असो की महागातला, १५०० वॅटच्या वर जात नाही, म्हणजे तासाला जेमतेम ५,१०० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं इकडचं माप, पुढचे आकडेही तासाचेच). पायाशी ठेवला तर पाय गरम होतात, बस. २४० व्होल्टवाला ५००० वॅटचा मस्त असतो पण त्याला वेगळं सर्किट ओढावं लागतं. घर स्वतःचं असेल आणि गॅसची लाईन असेल तर सरळ छताला टांगायचा, धूर बाहेर सोडणारा गॅस हीटर बसवून घ्या आणि पुढचं वाचूही नका. माझ्यासारखे भाडेकरू असाल, किंवा गॅरेज घरापासून लांब असेल, तर पोर्टेबलशिवाय पर्याय नाही.

किती बीटीयू पाहिजेत याचं एक ढोबळ गणित आहे. घनफूट गुणिले किती फॅरनहाइट वाढवायचंय ते, गुणिले ०.१३३. माझं गॅरेज २२ बाय २२, उंची ९, म्हणजे ४,३५६ घनफूट. बाहेर १५ असताना आत ६५ पाहिजे तर ५० चा फरक, उत्तर येतं साधारण २९,०००. दुकानात मात्र ७५,००० चा डबा समोर दिसतो आणि माणूस म्हणतो घेऊन टाकू, जास्त असलेलं बरं. मीही त्याच मार्गाला लागलो असतो, पण आमचा शेजारी भला माणूस आहे, त्याच्याकडे रॉकेलवर चालणारा टॉर्पेडो हीटर होता, म्हणाला ने आणि महिनाभर वापरून बघ. ऑफिसातल्या मित्राने प्रोपेनचा रेडियंट हीटर दिला. दोन्ही वापरून झाल्यावर तिसराच विकत घेतला, तो डिझेलचा. आता एकेकाबद्दल सांगतो.

टॉर्पेडो म्हणजे तोफेसारखं आडवं नळकांडं, खाली रॉकेलची टाकी, मागे पंखा. आपल्याकडच्या पंपाच्या स्टोव्हचा हा थोरला भाऊच समजा. हवेच्या दाबाने रॉकेल बारीक नॉझलमधून फवारतं आणि पेटतं, आणि स्टोव्हसारखाच नॉझलमध्ये कचरा अडकला की रुसतो. फरक इतकाच की इथे पिन मारायची नसते, नॉझल खोलून साफ करायचं, एअर फिल्टर झटकायचा, आणि ज्योत आहे की नाही हे बघणारा एक छोटा फोटोसेल असतो त्याच्यावर काजळी बसली असेल तर पुसायचा. पेटून लगेच बंद पडत असेल तर बऱ्याचदा तो फोटोसेलच असतो. विजेचा प्लगही लागतो, हे डब्यावरचं चित्र बघून कोणाच्या लक्षात येत नाही.

गरम किती करतो? अहो, दहा मिनिटांत जॅकेट काढावं लागतं. त्या बाबतीत त्याचा हात कोणी धरू शकत नाही. बाबा नाताळच्या सुमारास इकडे आले होते, निळा कॅन उघडून वास घेतला आणि म्हणाले, "अरे, हे तर रॉकेल! इकडे मिळतं?" म्हटलं, "मिळतं बाबा, पेट्रोल पंपावर, रांग न लावता." त्यांचा विश्वासच बसेना, कारण पाण्यासारखं पारदर्शक होतं. आपल्याकडे रेशनच्या रॉकेललाच निळा रंग घातलेला असायचा, इकडे रॉकेल पारदर्शक आणि कॅन निळा. या निळ्या कॅनची गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा. लाल कॅनच्या तळाशी उरलेलं थोडंसं पेट्रोल जरी रॉकेलमध्ये मिसळलं तरी टॉर्पेडोमध्ये भडका उडू शकतो. आणि रॉकेल घ्यायचं ते के-वन प्रतीचं, त्यात गंधक कमी असतं. तरीसुद्धा पेटवताना आणि विझवताना वास येतोच, स्वेटरला बसतो, आणि मग घरात गेलं की बायको नाकाला पदर नसला तरी लावल्यासारखं करते.

आता खरी भानगड ऐका, जी दुकानात कोणी सांगत नाही. टॉर्पेडोला धुराडं नसतं, जळून जे काही तयार होतं ते सगळं तुमच्यासोबत खोलीतच राहतं. आणि रॉकेल जळून काय तयार होतं? कार्बन डायऑक्साइड, थोडाफार कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी. पाणी म्हणजे थेंबभर नाही, एक गॅलन रॉकेल जाळलं की एक गॅलनपेक्षा थोडं जास्तच पाणी वाफ होऊन हवेत जातं. ७५,००० बीटीयूवाला तासाला साधारण अर्धा गॅलनपेक्षा जास्त पितो, म्हणजे तासाला दोन लिटरच्या वर पाणी गॅरेजमध्ये सोडतो. ते जातं कुठे? जिथे थंड लोखंड असेल तिथे. माझ्या टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीचा, वरचा भाग नुसता पत्रा नाही, अख्खं ओतीव लोखंडाचं टेबल आहे, तापायला तासन् तास लागतात, त्याच्यावर आधी धुकं धरल्यासारखं होतं, मग हात फिरवला की ओलं, आणि दुसऱ्या दिवशी नारिंगी ठिपके. पटाशीच्या पात्यांवर आणि रंध्याच्या तळावर तेच. छतातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर रात्री पांढरं दव गोठतं, दुसऱ्या दिवशी हीटर लावला की एकेका खिळ्यातून टपटप सुरू होते, आणि ती नेमकी पॉलिश केलेल्या फळीवर. गाडीच्या खाली रस्त्यावरच्या बर्फाचा आणि मिठाचा वितळलेला चिखल असतोच, त्यात ही भर. मेणाचा हात मारा, तेल लावा, काय वाटेल ते करा, एका मर्यादेच्या पुढे उपयोग नाही.

आणि दार उघडं ठेवायचं ते वेगळंच. या हीटरच्या मॅन्युअलमध्ये दर लाख बीटीयूमागे साधारण तीन चौरस फूट ताजी हवा यायला जागा ठेवा असं असतं. आमचं दार १६ फूट रुंद आहे, दोन इंच वर उचललं की अडीच चौरस फुटांच्या वर जातं, म्हणजे ७५,००० ला पुरतं. पण मग वर डोक्याला घाम आणि खाली घोट्यांना बर्फाची झुळूक, असं चार तास काम करून बघा एकदा.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घरात असतो तो अलार्म वाजायला बराच वेळ घेतो. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) त्याने एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचं असतं, ३० च्या खाली तर सहसा वाजायचंच नाही. म्हणजे अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा चांगली आहे असा धरू नका. मी आकडा दाखवणारा घेतला, कमी पातळीपासून दाखवणारा, आणि कामाच्या टेबलाजवळ टांगला. दार बंद करून टॉर्पेडो चालवायचा विचार ज्यांच्या मनात येतोय त्यांनी तो तिथेच सोडा, विशेषतः गॅरेज घराला चिकटून असेल तर, कारण गॅरेजमधली हवा मधल्या दाराच्या फटीतून घरात जाते, आणि वर पोरं झोपलेली असतात.

प्रोपेनच्या रेडियंटबद्दल फार लिहीत नाही. १८,००० बीटीयूवाला होता, आवाज शून्य, वास जवळजवळ नाही, वीज लागत नाही, ऑक्सिजन कमी झाला किंवा कलंडला तर आपोआप बंद होतो. समोर उभं राहिलं की उन्हात उभं राहिल्यासारखं वाटतं, बाजूला झालं की संपलं. २० पौंडांच्या भरलेल्या सिलिंडरवर पूर्ण आचेवर २४ तासांच्या आसपास चालतो, पण दुकानाबाहेर जाळीत ठेवलेले अदलाबदलीचे सिलिंडर असतात त्यात बऱ्याचदा १५ पौंडच भरलेले असतात, तेव्हा रिफिल करून घ्या, स्वस्त पडतं. कडाक्याच्या थंडीत सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला की दाब पडतो, सिलिंडरवर बाहेरून दव गोठलेलं दिसतं आणि आच मंदावते. पाणी यातूनही निघतंच, एक पौंड प्रोपेनमागे दीड पौंडाच्या वर. तास-दोन तास गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे असतील तर हाच घ्या, डोळे झाकून. रोजच्या सुतारकामाला नाही. आणि कुठलाही उघड्या ज्योतीचा हीटर चालू असताना लॅकर किंवा थिनर उघडायचं नाही. बर्फ काढायच्या मशीनचं पेट्रोल त्याच गॅरेजमध्ये असतं, त्याची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत येते. इकडच्या नियमात गॅरेजमधली ठिणगी निर्माण करणारी उपकरणं जमिनीपासून १८ इंच वर ठेवायला सांगतात ते यासाठीच, आणि टॉर्पेडो तर बसतोच जमिनीवर.

म्हणून मग डिझेल हीटर. हे मूळचे ट्रकच्या केबिनसाठी, ड्रायव्हर रात्री झोपतात तेव्हा इंजिन बंद ठेवून केबिन गरम ठेवायला. जर्मन कंपन्यांचे चांगलेच महाग पडतात, त्याच धर्तीचे चिनी शे-दीडशे डॉलरमध्ये मिळतात, मी चिनी घेतला. डब्यावर ८ किलोवॅट लिहिलेलं असतं, आत बहुतेक वेळा तोच ५ किलोवॅटवाला असतो, म्हणजे १७,००० बीटीयू धरा. मुख्य मुद्दा असा की यात ज्योतीची हवा वेगळी आणि खोलीची हवा वेगळी. ज्योतीची हवा बाहेरून येते, धूर पाईपने बाहेर जातो, आणि मधल्या धातूच्या तापलेल्या पट्ट्यांवरून खोलीची हवा फिरून गरम होऊन येते. पाणी, काजळी, वास, सगळं बाहेर.

भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नव्हता, त्यामुळे अख्खा हीटरच बाहेर ठेवला. बाजूच्या खिडकीखाली सिमेंट बोर्डाचा खोका केला, खिडकीत प्लायवूडचं पॅनल बसवलं, त्यात दोन गोल भोकं, एकातून गरम हवा आत, दुसऱ्यातून आतली हवा परत हीटरकडे. परतीच्या तोंडाला जाडी जाळी लावली आहे, भुसा जाऊ नये म्हणून, पण बारीक फिल्टर लावू नका, हवा कमी पडली की हीटर तापून बंद होतो. धुराचा पाईप खिडकीपासून लांब, तोंड खाली, आणि बर्फ पडला की पहिलं काम त्याच्या तोंडापुढचा बर्फ काढणं. मोठ्या बर्फानंतर एकदा ते राहिलं आणि हीटर आपला पेटेचना.

१७,००० मध्ये २९,००० चं काम कसं भागतं? नाही भागत. मी गॅरेजच्या मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा सोडला, दाराला फोमचे बोर्ड लावले, आणि ६५ ऐवजी ५५ वर समाधान मानलं. काम करताना अंग हलतं, ५५ भरपूर झालं. अर्धंच गॅरेज गरम करायचं म्हटल्यावर निम्म्या आचेवरही पुरतं. पण तापायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणून जेवायच्या आधी चालू करून येतो आणि भांडी आवरून झाली की खाली जातो.

त्रास आहेत, नाहीत असं नाही. इंधनाचा पंप टक टक टक टक करत राहतो, रबरावर टांगला की आवाज निम्मा होतो पण जात नाही. १२ व्होल्ट लागतात आणि पेटताना ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारी तापती कांडी, दहा-एक अँपियर ओढतो, किरकोळ अडॅप्टर तिथे मान टाकतो, म्हणून मी गाडीची जुनी बॅटरी आणि तिला कायमचा चार्जर ठेवलाय. याचा आणखी एक फायदा, वीज गेली तरी हीटर नीट विझतो. तसाच झटक्यात बंद केला तर पंखा थांबतो आणि आतली उष्णता आतच राहून सेन्सर आणि मोटर भाजते. सतत मंद आचेवर ठेवला तर काजळी धरतो, त्यामुळे बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण आचेवर पळवायचा. कडक थंडीत डिझेल घट्ट होऊन जेलीसारखं होतं, बाहेर खोक्यात असल्यामुळे माझ्या टाकीला हे जास्तच, त्यामुळे जानेवारीत त्यात के-वन मिसळतो. लाल रंगाचं डिझेल मिळतं, त्यावर रस्त्याचा कर नसतो म्हणून स्वस्त, हीटरला चालतं, गाडीत मात्र घालायचं नाही, पकडलं तर दंड.

मॅन्युअल म्हणाल तर ते इंग्रजीत आहे एवढंच, समजत काही नाही. क्लॅम्प हलके निघाले, धुराच्या पाईपचे दोन्ही बदलून घेतले. आणि या चिनी हीटरवर बहुतेक वेळा यूएलचा शिक्का नसतो, घराच्या विमा कंपनीला आणि घरमालकाला विचारून मगच लावा. मी दोघांनाही फोटो दाखवले, हीटर आणि टाकी दोन्ही बाहेर आहेत म्हटल्यावर हरकत घेतली नाही, तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

टेबल सॉ या हिवाळ्यात एकदाही नारिंगी झाला नाही. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर शून्यावर. शेजाऱ्याचा टॉर्पेडो परत दिला, तो त्याच्या शेतावरच्या पत्र्याच्या उंच शेडमध्ये वापरतो, चारी बाजूंनी वारा खेळतो, तिथे त्यासारखा दुसरा नाही. आता एप्रिलमध्ये डिझेल हीटरला शेवटचा तासभर निव्वळ के-वनवर पळवला, टाकी रिकामी केली, धुराच्या पाईपच्या तोंडाला गांधीलमाश्या घर करू नयेत म्हणून बारीक जाळी बांधली, आणि जाळी काढल्याशिवाय चालू करू नकोस अशी चिठ्ठी स्विचला चिकटवली.