डार्क सोल्स की हेडीस?

खेळण्याची पद्धत आणि कथेचा आशय एकजीव झालेला ॲक्शन आरपीजी (लढत लढत पात्राची ताकद वाढवत नेण्याचा व्हिडिओ गेम) हवा असेल, तर ‘डार्क सोल्स’ (२०११) आणि ‘हेडीस’ (२०२०) यांतून निवड करणे खरोखर अवघड जाते, कारण दोन्हींच्या गाभ्याशी मरण आहे.

‘डार्क सोल्स’मध्ये जमवलेले सोल्स (ताकद वाढवायला आणि खरेदीला लागणारे चलन) मेल्या जागी पडतात आणि तिथवर पोहोचण्याआधी पुन्हा मरण आले तर ते कायमचे जातात. शेकोटीपाशी विसावल्यावर जखमा भरतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. उमेद सोडलेला शापित जीव भान हरपून पोकळ होतो, हे कथासूत्र खेळाडूला स्वतःच्या हताशेतून अनुभवाला येते. इतकी घट्ट वीण माझ्या मते दुर्मीळ आहे.

‘हेडीस’मध्ये पाताळातून निसटू पाहणारा नायक झॅग्रियस दर वेळी मरून वडिलांच्या, म्हणजे पाताळदेव हेडीसच्या, घरी परततो. वाटेत मिळालेली देवांची वरदाने जातात, मात्र ‘डार्कनेस’ हा जमवलेला साठा उरतो आणि तो खर्चून कायमची ताकद वाढवता येते. घरची मंडळी दर खेपेला नवे काही बोलतात, त्यामुळे नाती उलगडण्यासाठी मरणे भागच असते.

पहिल्यात काठिण्य कमी करण्याची सोय नाही. दुसऱ्यातील ‘गॉड मोड’ २० टक्के संरक्षण देतो आणि ते दर मरणागणिक २ टक्क्यांनी वाढते.

चिकाटीची कसोटी आणि तुटक खुणांतून कथा जुळवणे आवडणाऱ्याने ‘डार्क सोल्स’ घ्यावा. छोट्या बैठकांत खेळून नात्यांत गुंतायचे असेल, त्याने ‘हेडीस’.