यूएसबीमक्सडी : आयफोनच्या केबलमागची सेवा

जळगावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयफोन आला, की गिऱ्हाइकाची पहिली मागणी ठरलेली असते, "पहिले फोटू काढी ल्या भाऊ." आमच्या दुकानात हे काम उबुंटू या लिनक्स प्रणालीवर होते आणि त्याचा सगळा भार यूएसबीमक्सडी या पार्श्वभूमीत चालणाऱ्या मोफत, मुक्तस्रोत सेवेवर असतो.

एकाच केबलवरून अनेक स्वतंत्र जोडण्या एकाच वेळी चालवणे, हे तिचे मुख्य काम. संगणकावरील प्रोग्राम फोनशी थेट बोलत नाहीत. ते या सेवेच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामना जोडून घेण्याच्या ठिकाणी, येऊन फोनमधला हवा तो पोर्ट, म्हणजे एखाद्या सेवेचे क्रमांक दिलेले दार, मागतात आणि सेवा ती जोडणी यूएसबीवरून पुढे नेते. पहिली गाठ पडते ती फोनमधल्या ६२०७८ या पोर्टवरच्या लॉकडाउनडी या संगणकाची ओळख तपासणाऱ्या प्रोग्रामशी, आणि त्याला ओळख पटल्यावरच बाकीची दारे उघडतात. त्यामुळे एकीकडे बॅकअप चालू असताना दुसरीकडे बॅटरीची माहिती वाचता येते. फोन लावताच सेवा सुरू होते आणि शेवटचा फोन काढला की थांबते, हे जुन्या संगणकावर विशेष सोयीचे आहे.

संगणकावरून अँड्रॉइड फोनशी बोलणाऱ्या एडीबी या साधनाचा सर्व्हर संगणकाच्या ५०३७ या पोर्टवर बसून साधारण असेच काम करतो. मात्र दोन सॉफ्टवेअरनी आपापली निराळी एडीबी आवृत्ती आणली, तर एक दुसरीचा सर्व्हर बंद पाडते आणि चालू काम अर्ध्यावर तुटते. यूएसबीमक्सडीत हा त्रास आम्हाला झालेला नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, अॅपलचे आयट्यून्स चालवणाऱ्यांनी मात्र जपावे, कारण मूळ संगणकावरची सेवा फोन आधीच ताब्यात घेते.

खरी उणीव आहे ती अडचण सांगण्याच्या पद्धतीत. फोन कुलूपबंद असला किंवा 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' या प्रश्नाला होकार दिलेला नसला, तर पडद्यावर बहुधा एखादा त्रुटी-क्रमांक येतो आणि नवखा कारागीर उगाच चार्जिंग पोर्ट खोलायला बसतो. आयओएस ११.४.१ पासून तासाभराहून अधिक काळ कुलूपबंद राहिलेला फोन यूएसबीवरून माहिती देणे बंद करू शकतो. अशा वेळी पासकोड टाकण्यावाचून गत्यंतर नसते. स्क्रीन फुटून स्पर्श बंद पडलेल्या आणि आधी कधीच या संगणकाशी न जोडलेल्या फोनपुढे ही सेवाही हतबल आहे, हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

होकार मिळाल्यावर जोडणीच्या किल्ल्या, म्हणजे फोनने संगणकाला ओळखण्याची नोंद, संगणकावर साठून राहतात. सेवा त्या आपणहून पुसत नाही आणि दुकानाच्या संगणकासाठी मला ही गोष्ट सर्वांत खटकते. काम संपल्यावर कारागिराने आयडिव्हाइसपेअर या जोडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या अनपेअर आज्ञेने ती नोंद काढून टाकावी. गिऱ्हाइकाला खात्री नसेल, तर फोनच्या सेटिंगमधील 'रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी' हा पर्याय वापरून पूर्वी दिलेले सगळे होकार त्याला स्वतःच रद्द करता येतात.