दॉर्दोन्यच्या खोऱ्यात पळायला जाताय? आधी पूल ओलांडा

पहिल्या दिवशी काय झालं ते आधी सांगते म्हणजे तुम्ही तरी तसं करणार नाही. आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला राहतो, तिथून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर दॉर्दोन्य नदीचं खोरं आहे, पेरिगोर नावाच्या भागातलं, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस खास पळण्यासाठी म्हणून गेलो होतो. खास म्हणजे मी पळणार आणि नवरा झोपणार. जिथे उतरलो तिथल्या मालकाने फोनवर सांगितलेलं की गेटच्या बाहेर पडलं की नदीकाठची पायवाट. पायवाट होती, नाही असं नाही, पण साधारण चारशे मीटरवर ती खाजकुयलीच्या फ्रेंच बहिणीत घुसली आणि पलीकडे अक्रोडाची खाजगी बाग, तारेचं कुंपण. मग काय, आले मुख्य रस्त्यावर. डी ७०३ नाव त्याचं, नदीच्या उजव्या काठाने जातो, सगळ्या फोटोंत दिसतो तोच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, मधे दोन गाड्या कशाबशा मावतील एवढा रस्ता आणि पळणाऱ्याने कुठे जायचं हे कोणी ठरवलेलंच नाही. कॅम्परव्हॅनचा आरसा कोपराजवळून गेला तेव्हा मी नदी बघत नव्हते, रामरक्षा म्हणत होते.

तर पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा रिव्ह्यू हाच, की प्रसिद्ध रस्ता पळण्यासाठी या खोऱ्यातला सगळ्यात वाईट. पाचपैकी दीड, तोही बेनाकच्या किल्ल्यासाठी, कारण किल्ला पाण्यापासून दीडशे मीटर उंच कड्यावर बसलाय आणि खालून मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, जे पळताना करू नये.

दुसऱ्या दिवशी कास्तेलनोचा पूल ओलांडून डाव्या काठाला गेले आणि सगळं बदललं. शंभर वर्षांच्या युद्धात ही नदीच सीमा होती, बेनाक फ्रेंचांकडे आणि समोरचं कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे, दोन्ही किल्ले अजून एकमेकांकडे डोळे वटारून उभे आहेत. आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर चढून तास-दीड तासाने दरवाजा ही सवय, इथे एका किल्ल्यावरून दुसऱ्यावरचा माणूस दिसेल इतकं अंतर. कास्तेलनोच्या खालून एक छोटा रस्ता फेराकवरून मिलांदकडे जातो, जेमतेम पाच किलोमीटर, थोडे चढउतार, सकाळी ट्रॅक्टर सोडून कोणी नाही. याच काठावरून बेनाक खरं दिसतं! गावाच्या आत उभं राहून गाव दिसत नाही हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

याच वाटेवर एक विचित्र गोष्ट लागते. नदीत काँक्रीटचे मोठे खांब उभे, वर पूलच नाही. बेनाकमधली ट्रॅफिक कमी करायला बायपास बांधायला घेतला होता, दोनदा नदी ओलांडणारा, लोक कोर्टात गेले, डिसेंबर २०१८ मध्ये काम थांबलं आणि पुढच्या वर्षी बोर्दोच्या कोर्टाने झालेलं बांधकाम पाडायचा हुकूम दिला. मी गेले तेव्हा खांब तिथेच होते. धुक्यात ते खांब आणि मागे बाराव्या शतकातला किल्ला, आता काय बोलणार. आदल्या दिवशी त्या रस्त्यावर जीव मुठीत धरून पळालेली असल्यामुळे मला बायपासवाल्यांचंही थोडं पटलं, हे प्रामाणिकपणे सांगते, इथल्या काही लोकांसमोर बोलले नाही.

मिलांद म्हणजे जोसेफिन बेकर राहायची तो वाडा. अमेरिकेतून आलेली नर्तकी, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी हेरगिरी केली, इथे बारा मुलं दत्तक घेऊन वाढवली, शेवटी कर्जापायी वाडा गेला. २०२१ साली पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर लोकांच्या स्मारकात, तिला मान मिळाला, तो मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मी गेटपर्यंत पळत गेले, पाणी प्यायले, परत फिरले, आत दुपारी नवऱ्याबरोबर तिकीट काढून. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण सावली कमी, ऊन वर आलं की भाजतं.

आता सोपा रूट हवा असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा मॅरेथॉनची तयारी चालू असेल आणि पेस धरून लाँग रन करायचाय, तर सार्ला गावाहून निघणारा हरित मार्ग. जुन्या रेल्वेलाईनचे रूळ काढून डांबरी पट्टी केलीय, सायकली आणि पायी चालणारे फक्त, गाडी नाही. कार्साक, ग्रोलेजाक करत सुईयाकच्या दिशेने वीस-पंचवीस किलोमीटर जातो, रेल्वेचाच असल्यामुळे चढ असा जाणवत नाही, आणि ग्रोलेजाकजवळ जुन्या रेल्वेपुलावरून नदी ओलांडता. तो पूल हा त्या रूटचा जीव आहे, बाकी बराच वेळ दोन्हीकडे झाडं आणि मधेच कोणाची तरी परसबाग. माझे स्प्लिट्स, म्हणजे दर किलोमीटरला लागलेला वेळ, इतके सरळ कधी आले नव्हते. पण खरं सांगू का, पंधरा किलोमीटरनंतर कंटाळा आला. चार तारे, ट्रेनिंगसाठी पाच.

आणि दोम. दोम हे माझं आवडतं, म्हणून जास्त लिहिणार, ज्यांना घाट नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. खाली नदीकाठी सेनाक गाव, वर पठाराच्या टोकाला दोम, मधे दोनेक किलोमीटरमध्ये जवळजवळ दीडशे मीटर चढ. ज्यांनी साताऱ्याला यवतेश्वरचा घाट पळालाय ते हसतील, हसा, लांबीने तो कितीतरी मोठा आहे मान्य, पण इथे चढ एकदम अंगावर येतो, वळणं देऊन गोंजारत नाही. गाव १२८१ मध्ये राजाने मुद्दाम आखून वसवलेलं, तटबंदी अजून आहे, आणि एका वेशीच्या बुरुजांत टेम्पलर सरदारांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका पंथातल्या लोकांना, १३०७ नंतर कैदेत ठेवलं होतं, त्यांनी भिंतीवर कोरलेल्या आकृत्या आहेत. मी वेशीतून धापा टाकत आत गेले तेव्हा साडेआठ वाजले होते, बेकरीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. मग गावाच्या उत्तर टोकाला कठडा आहे तिथे गेले आणि खाली काहीच नव्हतं. नुसतं धुकं! सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीवर सकाळी धुकं साचतं, वर तुम्ही उन्हात आणि खाली कापसाची गादी. वीसेक मिनिटं थांबले, घाम वाळला, थंडी वाजली, तेव्हा कुठे ते विरायला लागलं आणि एकेक वळण, मक्याची शेतं, पॉप्लरच्या रांगा दिसत गेल्या. ही नदी ४८३ किलोमीटर वाहते, त्यातल्या याच तुकड्यात ती सगळ्यात जास्त नखरे करते, माँफोरला तर जवळजवळ पूर्ण गोल वळसा घेते. ते सगळं काठावरून पळताना कळत नाही, वरूनच कळतं. दोमला साडेपाच तारे, माझा रिव्ह्यू माझे नियम.

उतरताना मात्र सांभाळा. चुनखडीचा दगड दव पडलं की साबणासारखा होतो, त्यात सप्टेंबरअखेर अक्रोड पडायला लागतात आणि पानांखाली दिसत नाहीत, घोट्याचं काम तमाम. रानात शिरलात तर चेस्टनटची काटेरी बोंडं. ट्रेल शूज न्याच. आणि हो, अक्रोड वाटेवर पडलेले दिसले तरी उचलून खिशात भरू नका, ते कोणाचं तरी उत्पन्न आहे, पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ पासून तिथल्या नावाचा शिक्का आहे, आपल्या हापूसच्या जीआयसारखा.

ला रॉक गाजाक कड्याला चिकटलेलं गाव, १९५७ च्या जानेवारीत याच कड्याचा तुकडा कोसळून तीन माणसं गेली. दक्षिणेला तोंड असल्याने दिवसभर ऊन खातं, आणि कड्याच्या पायथ्याशी बागेत चक्क केळी लावल्यात. घाटाच्या रनमधून आलेली, पाय लटपटतायत आणि समोर केळीचं झाड, मला एकदम आजोळच्या मोरीमागची केळ आठवली. घड शोधला, नव्हता.

काही बारीकसारीक गोष्टी. आपल्यासारखं पाचला उठून काही उपयोग नाही, सप्टेंबरअखेर तिथे पावणेआठला उजाडतं, तोपर्यंत हेडटॉर्च नाहीतर गप्प झोपा. पाण्यासाठी गावाबाहेरची दफनभूमी गाठा, फुलांना पाणी घालायला नळ असतो, तिथले सायकलवाले हेच करतात, फक्त नळावर पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना ते बघा. पिवळ्या पट्टीच्या खुणा स्थानिक वाटांच्या, पांढऱ्या-लाल जीआरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या वाटांच्या (सरकारी जीआर नव्हे), आणि फुली दिसली की वाट चुकलात, मागे फिरा. शरद ऋतूत शिकार चालते, रानात पळायचं तर भडक रंगाचा टीशर्ट. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका, गर्दी आणि ऊन दोन्ही. एप्रिल चांगला, त्याच सुमारास जवळच्या बेल्वेसहून शंभर किलोमीटरची रोड रेस असते, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉनचं वेड लागलेल्यांनी नोंद घ्यावी.

मार्केसाकची बाग राहिली, कड्यावरची, दीड लाख बॉक्सवुडची झुडपं गोल गोल कापलेली, आत सहा किलोमीटरच्या वर वाटा. तिकीट आहे, मी रिकव्हरीच्या दिवशी चालत गेले, पळण्याची जागा नव्हे ती.

खाण्याचं तेवढं सांगते आणि थांबते. शाकाहारी असाल तर हे खोरं अवघड आहे, जिकडे बघाल तिकडे बदक. शेवटच्या रात्री एका हॉटेलात मी हुशारी करून सार्लाचे बटाटे मागवले, लसूण घालून परतलेले, कुरकुरीत, इतके सुंदर लागले की दुसरी प्लेट मागवली. ती संपवल्यावर नवऱ्याने शांतपणे मेनूकार्ड पुढे सरकवलं, बटाटे बदकाच्या चरबीत परततात म्हणे. त्याला आधीपासून माहीत होतं.