जीआरईसाठी व्होकॅब ॲपचं वर्षाचं प्रो घेतलेलं, आता लिहितोच

जीआरई म्हणजे परदेशात मास्टर्सला जायला द्यावी लागते ती परीक्षा. ॲपचं नाव टाकत नाही, तिकीट (सपोर्टकडे केलेली तक्रार) अजून चालू आहे. १४९९ रुपये वर्षाला, ऑटोपेवर. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तसा आरबीआयचा नियमच आहे, पण तो बघायचा राहिला की गेले पैसे, म्हणून मी दोन आठवडे आधीच यूपीआयमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, कॅन्सल करून टाकलं. तर तासाभरात यांनी माझी सेव्ह केलेली यादी लॉक केली! अरे पैसे भरलेत ना त्या दिवसांचे? प्रत्येक शब्दाखाली मी स्वतः वाक्यं टाईप केलेली, तीपण आत अडकली. सपोर्ट म्हणतो रिन्यू केलं की दिसेल.

बरं आता ॲपबद्दल. माझा सगळ्यात जास्त जीव कशाने खाल्ला असेल तर उच्चाराने. माहितीये, जीआरईत उच्चार कोणी विचारत नाही, तरीपण. स्पीकर दाबला की बाई व्यवस्थित 'इपिटमी' म्हणायची आणि खाली देवनागरीत लिहिलंय 'एपिटोम'. हायपर्बलीचं 'हायपरबोल', 'अराय'चं (awry) 'ऑरी'. म्हणजे स्पेलिंग बघून मशीनने ठोकून दिलंय, कोणी ऐकूनसुद्धा बघितलं नाही. आपल्याकडे ॲ आहे ऑ आहे, देवनागरीत बरंच जवळ जाता येतं, पण जोर कुठे द्यायचा ते त्यात कळत नाही आणि इंग्रजीत सगळा खेळ जोराचाच आहे. ऑगस्ट महिना म्हणताना जोर पहिल्या भागावर, आणि भारदस्त या अर्थाचा ऑगस्ट असेल तर दुसऱ्यावर. मधे एक अपडेट आलं आणि त्या बाईची गच्छंती होऊन मशीनचा आवाज आला, तो दोन्ही एकसारखेच वाचतो. मी रिपोर्ट केलं, उत्तर आलं 'युवर फीडबॅक इज व्हॅल्युएबल'. पुन्हा केलं, तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

डेफिनिशनबद्दल सुरुवातीला मी मित्रांना सांगत फिरायचो की फालतू आहेत, ऑब्ड्युरेट म्हणजे ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेट म्हणजे स्टबर्न, बसा फिरत गोल. पण जीआरईतले सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचे प्रश्न सोडवायला लागल्यावर मत बदललं. तिथे सहातले दोन पर्याय असे निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील, आणि हे गोल फिरलेले शब्द तिथे पटकन जोडीने आठवतात. त्यामुळे तेवढे मार्क ॲपला. फक्त एक, हे लोक शब्दाचा पहिला अर्थ देऊन थांबतात, आणि जीआरईवाल्यांचा डोळा दुसऱ्या अर्थावर असतो. क्वालिफाइड प्रेज म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक. पेडेस्ट्रियन म्हणजे सुमार. हजबंड क्रियापद म्हणून आला तर काटकसरीने वापरणे (आमच्या घरी हे वाचून सगळे हसले, माझ्याकडे बघून). ॲपमध्ये हजबंडसमोर काय, तर नवरा. थँक यू.

रिव्हिजनचं गणित मात्र चांगलंय, विसरायला आलेला शब्द बरोबर तेव्हाच पुढे येतो. पण तेच काम अंकी (Anki, फ्लॅशकार्डचं ॲप) फुकटात करतं, अँड्रॉइडवर तरी, आयफोनला पैसे पडतात. दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, पहिला आठवडा वैताग येतो, पण यादी आपली राहते, कधीही एक्सपोर्ट करा, कोणी कुलूप घालत नाही. उच्चारासाठी केंब्रिज डिक्शनरीची साइट, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकू येतात, शिवाय जोराच्या जागेआधी वर छोटी उभी रेघ असते, तेवढी ओळखता आली तरी पुष्कळ. एक दमडी लागत नाही.

सध्या जे शब्द आठवतायत ते अंकीत नव्याने टाईप करतोय. तिकीट 'ओपन'च दाखवतंय. उरलेल्या दिवसांचे हिशोबाने ५०-६० रुपये होतात, ते मी सोडणार नाहीये.