एफटी-२९०आर डोंगरावर: सेट झकास, सेलचा डबा डोक्याला ताप

हॅम (हौशी) रेडिओवर एसएसबीत, म्हणजे आवाज पाठवायच्या सिंगल साइडबँड पद्धतीत, जरा जोरात बोललं की समोरून रिपोर्ट येतो, "आवाज फाटतोय, ओएम (हॅमच्या भाषेत मित्रा)." माइक बदला, अँटेना बदला, रिपोर्ट तोच. जुन्या याएसू एफटी-२९०आर या वायरलेस सेटबद्दल ही तक्रार ऐकू आली की बहुतेक जण फायनल, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर संशय घेतात आणि सेट दुकानात टाकतात. दुकानदार पैसे घेतो, "फायनल वीक आहे" म्हणतो, सेट परत येतो आणि डोंगरावर पुन्हा फाटतो. दोष ट्रान्झिस्टरचा नसतोच. तो खालच्या सेलच्या डब्यात असतो.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा हा दोन मीटरचा (१४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला) ऑल-मोड, म्हणजे एफएम, एसएसबी आणि सीडब्ल्यू (मोर्स) चालवणारा सेट ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याचे आकडे पाठ आहेत: अडीच वॉट, सी साइझचे आठ सेल, ऐकताना साधारण ७० मिलिअँपिअर, एफएमवर बोलताना ८००. गोम या शेवटच्या आकड्यात आहे. आठ सेल सिरीजमध्ये म्हणजे सोळा जोड. चाळीस वर्षांच्या मळकट पत्र्याचा एकेक जोड ०.०५ ओहम धरला तरी ०.८ ओहम झाले. अर्धवट वापरलेल्या आठ अल्कलाइन सेलचा आतला रोध साधारण १.२ ओहम. एकूण २ ओहम, ०.८ अँपिअरला १.६ व्होल्ट वाटेतच गेले. लोड नसताना मीटरला ११.२ व्होल्ट दाखवणारा संच बोलताना ९.६ वर येतो. एसएसबीत प्रत्येक जोरकस अक्षराला व्होल्टेज गचके खातं आणि आवाजाची शिखरं छाटली जातात. साधे झिंक-कार्बन सेल घातले तर विचारूच नका.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावा, एफएमवर पूर्ण पॉवरने पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि एकेका जोडावर, म्हणजे सेलचं टोक ते पत्रा, मिलिव्होल्ट मोजा. ४० मिलिव्होल्टच्या वर गेलेला जोड गुन्हेगार. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती अल्कलाइन सेलची गळती आहे. कानकोरण्याच्या कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका. तो निकेलचा मुलामा खरवडतो आणि पुढच्या पावसाळ्यात खालचं लोखंड गंजतं. पेन्सिलचा खोडरबर पुरेसा आहे. स्प्रिंगमधून करंट न्यायचाच नाही, हा पक्का इलाज: स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यापासून तळाच्या पत्र्यापर्यंत मऊ, अनेक धाग्यांची तांब्याची वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. स्प्रिंग फक्त दाबायचं काम करते, करंट वायरमधून जातो. फरक मीटरवर लगेच दिसतो.

रिचार्जेबल सेलबद्दल. आठ निकेल-मेटल हायड्राइड सेल म्हणजे ९.६ व्होल्ट, सेट चालतो पण पॉवर घसरते. त्याहून मोठा वैताग म्हणजे बाजारातले सी सेल. वर ५००० मिलिअँपिअर-तास छापलेलं, आत पेन्सिल सेल आणि भोवती पुठ्ठा. खरा ५००० चा सी सेल ८० ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली त्याच्या निम्माही नाही. दुकानात जाताना छोटा काटा न्या. वेष्टन फोडल्यावर कोणी परत घेत नाही, आणि फोडल्याशिवाय वजन करू देत नाही, हा वाद आपला चालूच आहे.

म्हणून डबा सोडूनच द्यावा या मतावर आता मी पक्का आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे २६६५० आकाराचे चार सेल बीएमएससह (सेल सांभाळणाऱ्या सर्किटसह) सिरीजमध्ये: १२.८ व्होल्ट, साधारण ३ अँपिअर-तास. या सेलचा व्यास सी सेलइतकाच, पण लांबी ६५ मिलिमीटर, सी सेलची ५०. म्हणून डब्यात बसत नाही. पॅक सॅकच्या बाहेरच्या खिशात आणि तिथून वायर. हिशेब असा: बोलणं पंधरा टक्के, ऐकणं पंच्याऐंशी, तर सरासरी ०.१८ अँपिअर. चार तासांत पाऊण अँपिअर-तासही लागत नाही. आठ अल्कलाइन सेल अर्ध्या किलोच्या वर जातात, हा पॅक त्यापेक्षा हलका आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा. पॉझिटिव्ह वायरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज घाला. मागच्या जॅकची पोलॅरिटी छापील खुणेवरून आणि मीटरने दोनदा तपासा. उलट जोडणीची भीती असेल तर पी-चॅनल मॉसफेट घाला. शॉट्की डायोडही चालतो, पण तो ०.३ ते ०.४ व्होल्ट खातो, आणि व्होल्ट वाचवायलाच तर हा सगळा उद्योग. बाहेरून वीज देताना आतले सेल काढून ठेवा.

बाकीच्या दुखण्यांना एवढी जागा नको. मेमरी विसरत असेल तर आतला तीन व्होल्टचा लिथियम सेल मेला आहे. तो काढून सीआर२०३२ चा होल्डर बसवा. पॉटेन्शिओमीटर खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर. सीटीसीएसएस टोन (बोलण्याखाली जाणारा ओळखीचा खालचा सूर) या सेटमध्ये नाही, त्यामुळे टोन मागणारा रिपीटर (सिग्नल पुन्हा पाठवणारं स्टेशन) उघडणार नाही. छोटा टोन बोर्ड आत बसवता येतो, पण त्याचं आउटपुट माइकच्या वाटेने देऊ नका. माइक अँप्लिफायर खालचे सूर कापतो. टोन थेट मॉड्युलेटरला द्या, डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सीचं सरकणं) ५०० ते ७०० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

टेलिस्कोपिक अँटेना डोंगरावर वापरणं म्हणजे चढ वाया घालवणं. सिंहगड पायथ्यापासून सुमारे ७६० मीटर उंच, म्हणजे ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ या सूत्राने रेडिओ क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे. तिथे तीन एलिमेंटची मेजर टेपची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) न्या. रिफ्लेक्टर (मागचा) १०५ सेंटिमीटर, मधल्या, केबल जोडायच्या ड्रिव्हन एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी ४५, डायरेक्टर (पुढचा) ८९. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २० सेंटिमीटर, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३२. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपवर होज क्लिपने आवळायचं. ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमध्ये साधारण तेरा सेंटिमीटर वायरची हेअरपिन (यू आकाराचा वेढा). डाग देण्याआधी टेपचा रंग खरवडा, नाहीतर कथील चिकटत नाही. एफएमला एलिमेंट उभी, एसएसबीला आडवी. उलटं धरलं तर २० डीबीपर्यंत (शंभरपट) मार बसतो. कोअॅक्स केबल आरजी-५८ असेल तर तीन मीटरला ०.६ डीबी जातात, चालतं. आणि गडावर दूरदर्शनच्या टॉवरजवळ बसू नका. या सेटचं फ्रंट-एंड (सिग्नल घेणारा पहिला टप्पा) तगड्या सिग्नलपुढे गुदमरतं आणि दुबळी स्टेशनं गायब होतात. टॉवर आणि आपण यांच्यामध्ये कातळ येईल अशी जागा शोधा.

आता एसएसबीबद्दल. सुरुवातीला माझं मत होतं की इथे दोन मीटरवर एसएसबी म्हणजे सजावट: ऐकणारं कोणी नाही, मग ऑल-मोड सेटचे पैसे कशाला? ते मत आता बदललंय, आणि कारण उपग्रह आहेत. आरएस-४४ या हॅम उपग्रहाचा अपलिंक (आपण पाठवायचं) १४५.९३५ ते १४५.९९५ मेगाहर्ट्झ, डाउनलिंक (आपण ऐकायचं) ४३५.६१० ते ४३५.६७०. ट्रान्सपॉन्डर (सिग्नल परत पाठवणारं उपग्रहातलं यंत्र) साइडबँड उलटवणारा आहे, म्हणून एलएसबीत (खालच्या साइडबँडने) बोला, खाली यूएसबीत (वरच्या साइडबँडने) ऐकू येतं. २९०आरमध्ये एलएसबी आहे आणि १०० हर्ट्झचं पाऊलही आहे, डॉप्लरला (उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते त्याला) पुरतं. डाउनलिंकसाठी फोनला जोडलेला आरटीएल-एसडीआर (छोटा रिसीव्हर) आणि हेडफोन घ्या. स्वतःचा आवाज परत आला पाहिजे. अडीच वॉटवर उंच पासमध्ये (उपग्रह डोक्याजवळून जाताना) काम होतं, सीडब्ल्यूत अधिक सहज. नुसतं ऐकायचं असेल तर १९७४ साली सोडलेला एओ-७ सूर्यप्रकाशात असताना बोलतो, डाउनलिंक १४५.९२५ ते १४५.९७५. उपग्रह सेटपेक्षा वयाने मोठा. डोंगरमाथ्यावर क्षितिज मोकळं असल्याने क्षितिजालगत जाणारे पासही मिळतात, घराच्या गच्चीवरून हे जमत नाही.

हातांची मात्र पंचाईत होते: एका हातात माइक, दुसरा डायलवर, तिसरा अँटेनाला हवा. यागीचा पाइप कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला दोन रबर बँडनी बांधा, उपग्रह सरकेल तसा पायाने ट्रायपॉड फिरवा आणि दर अर्ध्या मिनिटाला पाइप थोडा पिळा, पोलरायझेशन (लहरींचा उभा-आडवेपणा) फिरत राहतं म्हणून.